नरहर कुरुंदकर: विचारवंत सगळ्यांना आठवतात, मराठीचे मास्तर कुणाला आठवतात?

गोदाकाठ (धागाकर्ता)

फेब्रुवारी आला की कुरुंदकरांवरचे तेच ते मेसेज नव्याने फिरू लागतात. १० फेब्रुवारी १९८२, औरंगाबाद, व्यासपीठावरच हृदयविकाराचा झटका, वय ४९. खाली एखादा सुविचार, जो त्यांचा असेलच याची खात्री नाही. मग विशेषणांची माळ: थोर विचारवंत, फर्डे वक्ते, समाजवादी, इतिहासाचे भाष्यकार. सगळं खरं आहे. पण हा माणूस पगार कशाचा घ्यायचा, हे त्यात कुठेच नसतं.

पगार मराठी शिकवण्याचा होता. आधी नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर, मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, पुढे तिथलेच प्राचार्य. नांदेडकरांना ते शेवटपर्यंत ‘गुरुजी’च.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १५ जुलै १९३२, नांदापूर, आताच्या हिंगोली जिल्ह्यात. मूळ गाव वसमतजवळचं कुरुंदा. पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला, मामांकडे. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. मुक्तेश्वराचं आणि मोरोपंतांचं महाभारत शेजारी ठेवून ज्यांनी तौलनिक अभ्यास केला ते. म्हणजे घरात आर्या आणि ओव्या, आणि दाराबाहेर उर्दू. १९१८ साली निघालेलं उस्मानिया उर्दू माध्यमाचं. संस्थानात मराठी बोलणारे पाच जिल्हे, पण राज्यकारभाराची भाषा उर्दू. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली तेव्हा कुरुंदकर १६ वर्षांचे. चळवळीत ओढले गेलेले. इंटरला (बी.ए.च्या आधीच्या परीक्षेला) एकदा नाही, अनेकदा नापास. बी.ए., एम.ए. हे सगळं नोकरीला लागल्यावर, बाहेरून परीक्षा देऊन.

आता मुद्दा. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना, मनुस्मृतीवरची व्याख्यानं, ‘जागर’ (१९६९), ‘शिवरात्र’ (१९७०) हे सगळं मी तरुणपणी राजकीय लेखन म्हणून वाचलं. मध्यंतरी ‘धार आणि काठ’ आणि ‘पायवाट’ हाताशी आली, म्हणजे मराठी कादंबरीवरचं आणि साहित्यावरचं लेखन. ती वाचून पुन्हा ‘जागर’कडे वळलो तर वेगळंच दिसलं. हा माणूस इतिहास, कायदा, धर्म, राजकारण सगळं साहित्याच्या मास्तरासारखं वाचतो. समोर संहिता ठेवायची. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, हे आधी विचारायचं. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला जमलं नसतं इतक्या चांगल्या तऱ्हेने मांडायचं, आणि मगच त्याच्या विरोधात उभं राहायचं. वर्गात कविता शिकवताना चांगला शिक्षक नेमकं हेच करतो.

मनुस्मृतीचंच घ्या. ती जाळण्याच्या बाजूने असलेला हा माणूस ती आधी अथपासून इतिपर्यंत वाचून घेतो. बचाव करणारे ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ काढून दाखवतात, तो तिसऱ्या अध्यायात ५६वा श्लोक. नवव्या अध्यायाच्या तिसऱ्याच श्लोकात स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही असं स्वच्छ लिहिलेलं आहे. सोयीचा श्लोक उचलून चालत नाही, ग्रंथ ग्रंथ म्हणून वाचावा लागतो. हे राजकारणाचं शिक्षण नव्हे, वाचनाचं शिक्षण आहे.

तर आपल्याला कुरुंदकर नेमके कोण म्हणून आठवतात, आणि माझं हे म्हणणं पटतं का, यावर चर्चा व्हावी. ज्यांच्या घरात त्यांचे विद्यार्थी होते किंवा आहेत त्यांनी जरूर लिहा.

अडाणी_माणूस

पहिला मी! 😀

आमच्या घरी ‘श्रीमान योगी’ होती. पुठ्ठा निखळलेला, वरून खाकी कव्हर. शाळेत असताना प्रस्तावना सोडून थेट कादंबरीला हात घातला, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या निम्म्या पोरांनी तेच केलं असणार. पुढे कधीतरी कंटाळवाण्या सुट्टीत प्रस्तावना वाचायला घेतली आणि उठलोच नाही. रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्रच आहे ते. त्यातला एक मुद्दा डोक्यात कायमचा बसला. राज्यं काय, पुष्कळांनी स्थापली. पण राज्य स्थापणारा गेल्यावर, त्याचा मुलगा मारला गेल्यावर, दुसरा मुलगा जिंजीला जाऊन बसल्यावर, राजधानी हातची गेल्यावरही माणसं लढत राहिली. औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ ठोकून होता आणि १७०७ साली इथेच मेला, तरी लढाई संपली नव्हती. महाराजांचं वेगळेपण तिथे शोधायला हवं.

तोवर माझ्यासाठी शिवाजी म्हणजे अफझलखान, शाहिस्तेखान आणि आग्रा. तीन पराक्रम आणि संपला पेपर. महाराज गेल्यानंतरच्या वर्षांत महाराजांचं मोठेपण शोधायचं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

कातरवेळ

गोदाकाठ, धाग्याबद्दल आभार. मी मूळची नांदेडची, आता वय झालं. आमचे वडील शाळामास्तर. घरात ‘गुरुजी म्हणाले’ असं वाक्य सुरू झालं की कोण गुरुजी हे कुणी विचारायचं नाही.

मला व्याख्यानांपेक्षा व्याख्यानानंतरचं जास्त आठवतं. वडील रात्री घरी यायचे ते एकटे नाही, बरोबर आणखी दोघं-तिघं. अंगणात बाज टाकलेली, आई चहाचं आधण दुसऱ्यांदा ठेवतेय, आणि हे लोक भांडताहेत. कुणी रागावलेला असे, कारण त्याच्या लाडक्या पुढाऱ्याची चिरफाड झालेली. कुणी त्याहून जास्त रागावलेला, कारण त्याच्या नावडत्या पुढाऱ्याची बाजू इतकी नीट मांडली गेली की याला उत्तर सुचेना. वडील मधेच उठून कपाटातून पुस्तक काढायचे, कंदिलाजवळ नेऊन पान शोधायचे आणि सापडलं नाही की तणतणायचे. आम्ही पोरं पांघरुणातून ऐकत असू. मला विषय कळत नव्हता, पण मोठी माणसं पैशावरून किंवा भाऊबंदकीवरून न भांडता पुस्तकातल्या गोष्टीवरून भांडू शकतात, हे तेव्हा कळलं.

तुमचं म्हणणं पटतं. शाळामास्तर, तलाठी, वकील, कापडदुकानदार असे लोक त्या व्याख्यानांना जात. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांचं कॉलेज तेच.

निजामी काळाबद्दल ज्यांना वाचायचं असेल त्यांनी त्यांचं ‘हैदराबाद: विमोचन आणि विसर्जन’ मिळवून वाचावं. बाकी महाराष्ट्राला १५ ऑगस्टच ठाऊक असतो, आमचं स्वातंत्र्य १३ महिने उशिरा आलं हे अजून सांगावं लागतं.

सेट_नेट_ग्रस्त

कातरवेळ मावशी, काय लिहिलंय! अजून लिहा ना.

मी एम.ए. मराठी. आमच्या अभ्यासक्रमात कुरुंदकर टिपेपुरते आहेत: ‘मराठवाड्यातील समीक्षक’, ५ गुण. धाग्यात वाचेपर्यंत त्यांनी कादंबरीवर अख्खं पुस्तक लिहिलंय हे मला माहीत नव्हतं. हसू नका.

बखरवाला

चांगला धागा, पण आरती ओवाळण्याआधी थोडं मीठ.

माझा इतिहासाशी पोटापाण्याचा संबंध आहे, म्हणून बोलतो. कुरुंदकरांची बरीच पुस्तकं व्याख्यानांवरून तयार झालेली किंवा ते गेल्यावर इतरांनी जमवलेली आहेत. त्यामुळे एकच मुद्दा तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी येतो. संदर्भ द्यायची पद्धत नाही. स्मरणशक्ती अफाट होती म्हणतात. असेल. पण वाचकाने तपासायचं कसं? इतिहासात ‘मला आठवतं’ याला पुरावा म्हणत नाहीत.

दुसरं, आणि हे गोदाकाठ यांच्या मूळ मुद्द्यावर. साहित्याचा मास्तर इतिहास वाचतो तेव्हा त्याला सुसंगत पात्र हवं असतं. माणूस पहिल्या अंकात जसा आहे त्याचा उलगडा पाचव्या अंकात व्हायला हवा. इतिहासातली माणसं असली सोय करून देत नाहीत. तिथे अपघात असतो, आजारपण असतं, पाऊस लांबलेला असतो, कुणाचं तरी पत्र वेळेवर पोचलेलं नसतं. कुरुंदकरांचे शिवाजी वाचताना मला कायम असं वाटतं की हे फार नीट बसलंय. तुम्ही ज्याला त्यांची ताकद म्हणताय तीच मला अडचण वाटते.

गोदाकाठ

बखरवाला, मुद्दा तगडा आहे. पण ती प्रस्तावना कुणासाठी लिहिलेली? कादंबरीकारासाठी. त्याला तहनाम्याची तारीख सांगून काय उपयोग? त्याला माणूस उभा करायचा आहे. तेव्हा या माणसाच्या मनाची घडण काय असेल, हाच प्रश्न तिथे योग्य. इतिहाससंशोधन मंडळात निबंध वाचायचा असता तर गोष्ट वेगळी.

संदर्भांचं मान्य. कुणीतरी बसून तळटिपांसह आवृत्ती काढायला हवी, पण ते काम करणार कोण?

बखरवाला

कादंबरीकारासाठी लिहिली हे खरं, पण वाचली कुणी? वर अडाणी_माणूस यांनीच सांगितलंय. कादंबरीच्या आधी छापलेली असल्यामुळे लाखो लोकांनी ती इतिहास म्हणून वाचली. त्याचा दोष कुरुंदकरांना देत नाही, पण परिणाम तर झालाच ना. त्यानंतर प्रत्येक व्याख्याता त्यातले मुद्दे पाठ करून स्वतःचे म्हणून सांगतो.

खडू_डस्टर

मी मराठी शिकवते, पदव्युत्तर वर्गांना. राजकारण आणि इतिहास तुम्ही बघा, मला त्यांच्या नाट्यशास्त्रावर बोलायचंय, कारण इथे त्याचं नावही कुणी काढलेलं नाही. ‘रंगशाळा’ नावाचं पुस्तक आहे.

ज्यांनी भारतीय साहित्यशास्त्राचा पेपर दिलाय त्यांना आठवत असेल. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’तलं रससूत्र, नाटकातून रस कसा तयार होतो ते सांगणारं: ‘विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद्रसनिष्पत्तिः’. आणि मग चार भाष्यकार. भट्ट लोल्लट उत्पत्ती (रस निर्माण होतो) म्हणतो, श्रीशंकुक अनुमिती (अनुमानाने कळतो) म्हणतो, भट्टनायक भुक्ती (आस्वादला जातो) म्हणतो, अभिनवगुप्त अभिव्यक्ती (प्रकट होतो) म्हणतो. गाईडमध्ये चार नावं, चार शब्द, प्रत्येकी चार ओळी. मी स्वतः असंच पाठ करून चांगले गुण मिळवले आणि मला एक अक्षर कळलेलं नव्हतं.

गाईडमध्ये एक गोष्ट निसटते. मूळ ग्रंथ रंगमंचाचा आहे. त्यात रंगमंडप बांधायचा कसा, नटाने हात कसा धरायचा, भुवई कशी उचलायची हे सगळं आहे, आणि रससूत्र त्याच्या सहाव्या अध्यायात येतं. पुढच्या लोकांनी ते उचलून काव्याला लावलं. आपण शिकवतो ते हे काव्याला लावलेलं. कुरुंदकर तुम्हाला परत नाट्यगृहात नेऊन बसवतात.

‘रंगशाळा’ वाचल्यावर मी वर्गात एक प्रयोग सुरू केला. एका मुलीला दारात उभं करायचं. सांगायचं, तू कुणाचीतरी वाट बघते आहेस, तो येणार नाही हे तुला माहीत आहे, बोलायचं काही नाही. ती उभी राहते. आधी हसते, वर्ग हसतो. थोड्या वेळाने हसू ओसरतं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागते. रस्त्यावर हॉर्न वाजला की मान वळते, परत येते. वर्ग गप्प होतो. मग विचारायचं: दुःख कुठे आहे? ज्या बाईची ही भूमिका आहे तिच्यात? पण ती तर अस्तित्वातच नाही. या मुलीत? तिला तर मधल्या सुट्टीत कॅन्टीनला जायचंय. तुमच्यात? तुम्हाला कशाचं दुःख?

लगेच वर्गाचे चार गट पडतात आणि ते आपापसांत भांडायला लागतात, चार भाष्यकारांचं एकही नाव न घेता. एखादा म्हणतो, ती दुःखी नाही हे माहीत आहे, पण चित्रातला घोडा बघून आपण घोडाच म्हणतो ना? आता शंकुकाचा ‘चित्रतुरग’ त्याला सांगायची गरज उरत नाही, फक्त नाव द्यायचं.

हे तंत्र कुरुंदकरांनी सांगितलेलं नाही, माझं आहे. पण रस ही पाठ करायची व्याख्या नसून रंगमंचावर खरोखर घडणारी अडचण आहे, ही समज त्या पुस्तकाने दिली. मला ते याच्यासाठी आठवतात. माझ्या लेखी ते एवढ्यावर मोठे आहेत, बाकीचं नसतं तरी चाललं असतं.

सेट_नेट_ग्रस्त

खडू_डस्टर मॅडम, तुमच्या कॉलेजात प्रवेश मिळेल का? आमच्याकडे तासाला नोट्स डिक्टेट करतात, आणि त्यातला ‘चित्रतुरग’ मी इतके दिवस ‘चित्रतरंग’ लिहीत होतो.

तिरपी_मात्रा

खडू_डस्टर, प्रतिसाद जपून ठेवलाय. +१

अवांतर: मराठीतल्या मोठ्या लेखक-प्राध्यापकांची एक गंमत बघा. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. विंदा इंग्रजी शिकवत. नेमाडे इंग्रजीचे. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे. मराठी साहित्य घडवणारे पुष्कळ लोक पोटासाठी दुसराच विषय शिकवत होते. कुरुंदकरांचं बरोबर उलटं. शिकवायचे मराठी आणि लिहायचे मनू, गांधी, नेहरू, निजाम, शिवाजी. आपल्याकडे मराठी विभागाकडे ‘कुठेच प्रवेश न मिळालेल्यांची सोय’ म्हणून बघतात. त्या विभागातला माणूस घटनेवर आणि धर्मशास्त्रावर बोलायला उभा राहिला की त्या त्या विषयाचे लोक सरसावून बसत असतील, याचा मला मराठीवाला म्हणून भयंकर आनंद होतो.

काजवा

एक विनंती. ते ‘इंटर नापास झालेला मुलगा प्राचार्य झाला’ छापाचं प्रेरणादायी प्रकरण कृपया इथे तरी नको. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दहावीच्या निकालाच्या दिवशी हमखास येतं, खाली उगवत्या सूर्याचा फोटो.

नापास झाल्यामुळे कुणी कुरुंदकर होत नाही. त्या वयात ते काय काय वाचत होते ते बघा. घरात नांदापूरकरांसारखा पंडित, हाताशी हैदराबादची ग्रंथालयं, बाहेर संस्थान कोसळतंय, आणि परीक्षेत नेमलेली पुस्तकं. कुठलं आधी वाचाल? शिक्षणव्यवस्थेला तो माणूस मोजता आला नाही एवढाच त्याचा अर्थ. आजही मोजता आला नसता. आज तर नेट-सेट, पीएच.डी., शोधनिबंधांचे गुण हे सगळं भरल्याशिवाय अर्जही पुढे जात नाही. तासिका तत्त्वावर सुद्धा घेतलं नसतं.

हवापाणी

विषय निघालाच आहे तर बोलतो. आजचे जे स्वतःला सेक्युलर म्हणवतात त्यांनी कुरुंदकरांचं मुस्लिम राजकारणावरचं लेखन वाचावं म्हणजे डोळे उघडतील. आणि जे

संपादक मंडळ

हवापाणी यांचा उर्वरित प्रतिसाद आणि त्यावर आलेली उत्तरं काढून टाकली आहेत. सध्याच्या पक्षांबद्दल बोलायला वेगळा विभाग आहे. इथे विषयाला धरून लिहावे.

गोदाकाठ

संपादकांचे आभार.

पण हवापाणी यांच्या पहिल्या वाक्याला उत्तर द्यायलाच हवं, कारण ते नेहमीचं आहे. कुरुंदकरांच्या एका लेखातली दोन पानं एका बाजूचे लोक फिरवतात, आणि त्याच संग्रहातल्या दुसऱ्या लेखातली दोन पानं दुसऱ्या बाजूचे. ‘शिवरात्र’ पूर्ण वाचलं तर दोघांचीही पंचाईत होते. त्यांनी मनुस्मृतीच्या भक्तांना जे सुनावलं तेच इथे लागू पडतं. निवडक उतारा काढून माणूस आपल्या बाजूला ओढता येतो, पण त्याला वाचन म्हणत नाहीत. ते मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंच्या बाजूने उभे राहिले आणि गांधींच्या खुनाचं समर्थन करणाऱ्यांवरही तुटून पडले. दोन्ही ठिकाणी माणूस तोच, निकषही तोच.

बखरवाला

यावर शंभर टक्के सहमत. (नोंद करून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.)

कातरवेळ

सेट_नेट_ग्रस्त, अजून लिहा म्हणालास म्हणून.

एक गोष्ट मला खटकत आली आहे, आणि मी नांदेडची असूनच बोलते, म्हणजे बाहेरच्यांचा राग नको. आमच्याकडे वक्तृत्वाचं वेड फार. माणूस चांगला बोलतो म्हणजे त्याला कळतं, असं आम्ही धरून चालतो. कुरुंदकर गेल्यावर किती तरी वर्षं प्रत्येक तालुक्यात एकेक छोटे कुरुंदकर तयार झाले. तीच मान, तेच थांबणं, तोच आवाज चढवणं. हातात कागद न घेता दीड तास. फक्त मूळ माणसाने त्या दीड तासाआधी जे वाचून ठेवलेलं असायचं ते नव्हतं. वडील असल्या व्याख्यानाहून परतले की अंगणात भांडण होत नसे. ‘छान बोलला’ म्हणायचे आणि झोपायचे.

बाई म्हणून आणखी एक. त्या अंगणातल्या बाजेवर बसून भांडणाऱ्यांत एकही बाई नव्हती. आई आत होती. तिला सगळं ऐकू येत असे. पुढे एकदा मी तिला विचारलं तर तिने मला मनुस्मृतीवरचा युक्तिवाद मुद्द्यानिशी सांगितला, वडिलांपेक्षा स्वच्छ. तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. हा दोष गुरुजींचा नाही, आमच्या घराचा आहे, पण या आठवणी निघाल्या की मला पहिली आई आठवते.

खडू_डस्टर

कातरवेळ, यावर वेगळा लेख लिहा. प्रतिसादात संपवू नका, प्लीज.

तिरपी_मात्रा

+१००. लेख हवाच.

काजवा

छोट्या कुरुंदकरांबद्दल: आमच्या तालुक्यातले एक अजून जिवंत आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही. 😀

अडाणी_माणूस

सगळं वाचून वाचायची इच्छा झालीय. माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करावी? समीक्षा वगैरे झेपत नाही. आणि कुणाकडे पीडीएफ आहे का?

गोदाकाठ

समीक्षा नको असेल तर ‘निवडक नरहर कुरुंदकर’चा व्यक्तिवेध हा खंड घ्या. माणसांवरचे लेख आहेत, कुठूनही उघडून वाचता येतात. मग ‘जागर’. शिवाजी महाराजांवर ‘छत्रपती शिवाजी महाराज: जीवन रहस्य’ आहे, लहानसंच. ‘पायवाट’ आणि ‘रूपवेध’ सगळ्यात शेवटी, आणि तेही मराठी कविता-कादंबऱ्या बऱ्यापैकी वाचलेल्या असतील तरच. नाहीतर त्यात ज्यांची चर्चा आहे तेच माहीत नसतात आणि उगाच कुरुंदकर अवघड वाटतात.

खडू_डस्टर

मी उलट सांगेन. सरळ ‘धार आणि काठ’ घ्या. कादंबऱ्या वाचलेल्या नसल्या तरी चालेल. त्यातल्या ज्या एखाद्या कादंबरीबद्दल वाचून कुतूहल वाटेल ती मिळवून वाचा, आणि मग ते काय म्हणाले ते पुन्हा बघा. पटलं नाही तर उत्तम. व्यक्तिचित्रांपासून सुरुवात केली की माणसं तिथेच थांबतात, हा अनुभव आहे.

बखरवाला

पीडीएफबद्दल: लेखक १९८२ मध्ये गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०४२ अखेरपर्यंत. जी पुस्तकं पहिल्यांदा ते गेल्यावर प्रसिद्ध झाली त्यांची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात, म्हणजे त्याहून पुढे. तेव्हा इथे दुवे टाकू नका, संपादक परत येतील. जिल्हा ग्रंथालयात विचारा. मागच्या रॅकला, खालच्या कप्प्यात, ‘वैचारिक’ अशी चिठ्ठी लावलेल्या जागी असतात. समीक्षेच्या कपाटात शोधू नका, तिथे ठेवायचं कुणाला सुचत नाही.

गोदाकाठ, यावरून तुमच्या मूळ मुद्द्याला अर्धा गुण देतो.

गोदाकाठ

अर्धा घेतला. उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्ही ‘रंगशाळा’ वाचा, मग बोलू.

सेट_नेट_ग्रस्त

आमच्या विभागाच्या ग्रंथालयात आत्ता बघून आलो. ‘पायवाट’ आहे, ‘धार आणि काठ’च्या दोन प्रती आहेत, दोन्ही ‘वैचारिक’मध्ये. बखरवाला यांना दंडवत. ‘रंगशाळा’ नोंदवहीत आहे, रॅकवर नाही. ग्रंथपाल म्हणाले एका सरांकडे आहे, मागून बघ. कुणाकडे ते सांगत नाहीत.